अडीच आटे

एका हातानं नमस्कार करणारा माणूस माजलेला असतो, असं आमच्या भागात सरळ धरून चालतात. मिस्त्रींबद्दल अर्ध्या तालुक्याचं मत तेवढ्यावरच ठरलं होतं. समोरून आमदार येवो, व्याही येवो, नाहीतर देवळातला गुरव, यांचा उजवा हात तेवढा कपाळापर्यंत जायचा. डावा पँटच्या खिशात. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसले तरी डावा खिशातच. मांडी घालून खिशात हात ठेवायचा आणि वर जेवायचं, ही काय कसरत आहे ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी घरी दार लावून करून पाहिली आहे. वरण सगळं मांडीवर सांडलं.

एकदा न राहवून मी विचारलंच. म्हणाले, "सायब, करंट एका हातातून शिरतो अन् दुसऱ्या हातातून भाईर पडतो. मधी काय हाय?"

"काय?"

"काळीज. म्हून चालू मशीनीपुढं एकच हात. दुसरा खिशात."

"अहो, पण पंगतीत कुठली मशीन?"

"सवय हाय. पंगतीत सुटली की मशीनीपुढं बी सुटंल."

आता मी बी.एस्सी. फिजिक्स. सोसायटीचा सचिव म्हणून लागलो तेव्हा आमच्या चेअरमननी भर सभेत सांगितलं होतं की आपला सचिव सायन्सवाला आहे, कुणाला काही अडलं तर त्याला विचारा. मला काळीज मध्ये येतं हे ठाऊक नव्हतं. मी मान मात्र अशी हलवली की जणू ते मीच त्यांना शिकवलं होतं.

मिस्त्रींनी सोळा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात जनरेटर दुरुस्त केले आणि मग तेलगावच्या अलीकडं आपल्या गावी येऊन राहिले. नाव होतं त्यांना, पण ते कुणी घेत नसे. घरापुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये एक पेटी, आणि एक स्टीलचा डबा. ज्या डब्यात दुसऱ्याच्या भाकरी असतात त्यात यांचे दोनशे वॅटचे बल्ब, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेले. मीटर त्यांच्याकडं होतं, पण त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "काटा अटकतो बे. बल्ब कुठं अटकंल?" असं म्हणून ते दोन बल्ब एकामागं एक जोडायचे, मशीनच्या तारांना लावायचे आणि नुसत्या उजेडावरून सांगायचे, वीस व्होल्ट कमी, तीस व्होल्ट जास्त. पुढं मीटर लावून पाहिलं तर चार-दोन व्होल्टांचा फरक निघायचा, आणि तेव्हाही ते मीटरलाच शिव्या द्यायचे.

कमरेला करदोडा नव्हता. आमच्याकडं बाप मेल्यावरच करदोडा तोडतात, आणि यांचा बाप धडधाकट, पारावर बसून विडी ओढणारा. फौजेत असताना चांदीचा करदोडा कुठल्याशा तारेला टेकला आणि कमरेला कायमचा वळ उठला. तेव्हापासून अंगावर धातू म्हणून घालायचा नाही. त्यावरून म्हातारा मरेपर्यंत मुलाशी नीट बोलला नाही. मिस्त्री म्हणायचे, "त्याला वाटतंय मी त्याचं मरण मागायलोय. आता वाटण्याला मी काय करू?"

हे 'वाटणं' त्यांना बिलकुल खपत नसे. बायको आजारी पडली म्हणून तिला बीडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? ती बिचारी म्हणाली, "मला वाटतंय उष्णता झाली." हे तिथंच तिच्यावर घसरले, "तुला काय वाटतंय ते डाक्तरला वाटू दे. तू दुखतंय कुठं ते सांग." डॉक्टर पोट धरून हसले. बायको आठ दिवस यांच्याशी बोलली नाही. मशीन बिघडली म्हणून कुणी आलं की त्याच्याशीही हेच. दिसलं ते सांग, ऐकलं ते सांग, वास आला असेल तर तो सांग. "मला वाटतं वायंडिंग गेलं असेल" असं म्हणणारं गिऱ्हाईक तिथून शिव्या खाऊन जायचं.

अशा माणसाला मी एका दुष्काळात आमच्या छावणीवर बोलावलं. खरं म्हणजे बोलावलं चेअरमननी. माझी तर तो येऊ नये अशीच इच्छा होती. का, ते सांगतो.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला गायरानात सोसायटीनं जनावरांची छावणी टाकली होती. सातशेच्या वर जनावरं. चारा ट्रकनं यायचा, पण पाणी तिथलंच. दोन बोअर होते, एक थोरला, एक धाकटा. गायरानात विजेचे खांबच नव्हते, म्हणून चेअरमननी लष्कराच्या लिलावातून एक डिझेल जनरेटर उचलून आणला. हिरवागार, दोन चाकांवर उभा, अंगावर पांढरा नंबर. लोक त्याला रणगाडा म्हणत. छावणीच्या उद्घाटनाला त्याची पूजा झाली, हार झाला, चेअरमननी त्याच्या डोक्यावरच नारळ फोडला, आणि बटण दाबल्यावर हौदात पाणी पडलं तेव्हा म्हातारी माणसं रडली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

महिनाभर रणगाडा सुतासारखा चालला. मग व्होल्टेज बसायला लागलं. मोटर चालवायला चारशेच्या वर व्होल्ट लागतात. काटा तीनशे साठ दाखवायचा, मग तीनशे चाळीस. रणगाड्यावर बबन नावाचा ऑपरेटर होता, घरी बायको आणि दोन पोरी असलेला, मशीनला रोज फडक्यानं पुसणारा माणूस. व्होल्टेज वाढवायचं एक हातचाक असतं, ते त्यानं फिरवत फिरवत शेवटाला नेलं. मला म्हणाला, "सायब, हे दम धरंना. मिस्त्रीला बोलवा." मी बघू म्हटलं. एका हातानं नमस्कार घालणारा तो माणूस चेअरमनना आवडत नव्हता, आणि चेअरमनना न आवडणारं काही बोलायची माझी छाती नव्हती.

मग तो दिवस आला. दुपारी बबन जेवायला गेला. हौदापुढं जनावरं दाटलेली, पाणी करंगळीएवढं पडतंय, काटा तीनशे वीसवर. मी रणगाड्यापुढं उभा. आणि माझ्यातला सायन्सवाला जागा झाला. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं, हे पुस्तकात आहे. इंजिनाच्या अंगाला वेगाचा स्क्रू होता. बबनच्या पेटीतला पाना घेतला, नट सैल केला आणि स्क्रू उजवीकडं फिरवला. एक आटा, दोन, अडीच. काटा वर चढला. तीनशे ऐंशी, चारशे! पाण्याची धार जाड झाली. छाती अशी फुगली माझी! नट आवळला आणि तंबूकडं निघालो. दहा पावलंही गेलो नसेन, मागं मशीनचा आवाज बदलला, तंबूच्या दाराशी टांगलेला बल्ब पांढराफट्ट पेटला आणि फुटला. पळत जाऊन मशीन बंद केली तोवर जळका वास सुटला होता. थोरल्या बोअरची मोटर गेली.

बबन तोंडातला घास तसाच घेऊन धावत आला. माणसं जमली. चेअरमन जीपमधून उतरले आणि पहिला प्रश्न विचारला, "मशीनवर कोण होतं?"

बबन म्हणाला, "मी. पर मी जेवायला गेलतो."

"मशीन सोडून जेवायला गेलता! सातशे जनावरं काय तुझ्या बापाची हायत का बे?"

पाना माझ्या खिशात होता. मांडीला गरम लागत होता.  मनात म्हटलं, थोडं शांत होऊ दे, मग सांगू. संध्याकाळी चेअरमननी बबनला काढल्याचा कागद लिहायला सांगितला. तो मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पहिल्या एसटीनं उतरले आणि चालत आले. वरून ऊन नुसतं ओतत होतं. जनावरांनी आदल्या दुपारपासून पाणी पाहिलं नव्हतं. माणसांना प्यायला दिवसाआड टँकर येई, त्यातलं हंडा हंडा लोकांनी वासरांना पाजलं होतं. सगळी भिस्त धाकट्या बोअरवर. चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, तासाभरात चालू करा."

मिस्त्री डब्यावर बसले. मशीनला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "काल इथं कोण कोण होतं, त्येला बोलवा."

बबन तिथंच होता. नोकरी गेली तरी गेला नव्हता. त्यानं दिवसागणिक सगळं सांगितलं, किती व्होल्ट, कधी, चाक किती फिरवलं. मग मिस्त्रींनी हौदाजवळ बसलेल्या सोजरबाईला विचारलं. ही एकटी बाई, माणसात कुणी नाही. एक म्हातारी गाय, आणि तिच्यापायी ती छावणीतच राहत होती.

"मावशे, काल मोटर जळली तवा काय दिसलं?"

"मला काय कळतंय बाबा मशीनीतलं."

"मशीनीतलं नगं. डोळ्याला काय दिसलं?"

"तंबूच्या दारातला दिवा लई मोठा झाला. अन् फटकन गेला."

मिस्त्री खूश झाले. "हे बघा! हिनं निस्तं बघितलेलं सांगितलं. दिवा मोठा झाला, मंजे व्होल्टेज पडलं न्हाई, चढलं. मोटर कमी व्होल्टेजनं गेली न्हाई. जादा झालं म्हून गेली." आणि माझ्याकडं वळले. "सायब, तुमी कुठं होता?"

"तंबूत. रजिस्टर लिहीत होतो."

"काय दिसलं?"

"काही नाही."

"आईकलं?"

"नाही."

त्यांनी तंबूच्या दाराकडं पाहिलं. होल्डरमध्ये फुटक्या बल्बची काच अजून तशीच होती. मग माझ्याकडं पाहिलं.   मनगटावर घड्याळ नसायचं त्यांच्या, धातू ना. बबनला विचारलं, "किती वाजले?" तो म्हणाला, "दहा."

मशीन सुरू केली, मोटर न जोडता. बल्ब लावले. उजेड मंद, मग एकदम लख्ख, परत मंद. "हिला आतून धाप लागायलीय," असं म्हणून बंद केली आणि मागचं झाकण काढलं. आत फिरणाऱ्या तांब्याच्या कड्या असतात, त्यांच्यावर कोळशाचे दोन तुकडे स्प्रिंगनं टेकलेले असतात. त्यांना ब्रश म्हणतात. त्या ब्रशांतून करंट आत जातो तेव्हाच बाहेर व्होल्टेज तयार होतं. एक ब्रश आपल्या खाचेत घट्ट अडकून बसला होता. कडीला टेकायचा, सुटायचा, टेकायचा. मिस्त्रींनी त्याच्याभोवतीचा काळा-लाल चिकटा नखानं खरवडला. हुंगला. आणि जिभेवर ठेवला!

"नारळ," ते म्हणाले. "वर कुकू अन् धुराळा. हिच्या डोक्यावर नारळ कुणी फोडला?"

पन्नास माणसांनी चेअरमनकडं पाहिलं नाही. इतकं ठरवून कुणी न पाहणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खाली जाळी होती, नारळाचं पाणी त्या जाळीतून थेट ब्रशांवर गेलेलं. महिनाभर वाळत, चिकटत बसलं होतं.

"देवाचं केलं, त्यात काय चुकलं?" चेअरमन गुरगुरले.

"चुकलं न्हाई. म्होरच्या टायमाला खाली टायरापाशी फोडा," मिस्त्री म्हणाले आणि पेट्रोलच्या फडक्यानं कड्या पुसायला लागले. अर्धी माणसं तोंड फिरवून हसली. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. नारळावर गेलं सगळं.

साडेअकराला मशीन परत सुरू केली. आता बल्ब फडफडत नव्हते. पण उजेड जास्त होता. चाक मागं घेतलं तरी जास्तच. मिस्त्रींनी इंजिनाच्या पत्र्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले. "ही पळायलीय," म्हणाले. वाकून वेगाच्या स्क्रूपाशी गेले आणि तिथंच थांबले.

"फौजेत हा स्क्रू एकदा लावला की नटासकट लाल रंगाचा ठिपका देतात. कुणी फिरवला तर ठिपका फुटतो. हा फुटलाय. ताजा फुटलाय." त्यांनी मशीन बंद केली. "कुणी फिरवला?"

 बबन पुढं आला. "आईची शप्पत मिस्त्री, म्या त्या स्क्रूला हात लावला न्हाई."

"कुणीबी लावला असंल, मला भांडायचं न्हाई. आईका. काल हा स्क्रू फिरला असंल तर मला सगळं समजलं. चाक शेवटाला होतं, वेग वाढला, अन् अटकलेला ब्रश एकदम टेकला, मंग व्होल्टेज पाचशेच्या वर गेलं. पर हा काल फिरला नसंल, आधीच कवातरी फिरला असंल, तर काल व्होल्टेज आपसूक चढलं. मंजे दुखणं आजून आत हाय. ते हुडकायला मला दोन दिवस लागतील. तवर मी मोटर जोडणार न्हाई."

"वेग तुमी कमी करा ना अंदाजानं," कुणीतरी म्हणालं.

"कितीवर आणू? वेगाचं मीटर लिलावातूनच फुटकं आलंय. अन् अंदाज चुकला तर ही बी मोटर जाईल. तिसरा बोअर हाय का?"

नव्हता. ते डब्यावर जाऊन बसले, डावा हात खिशात. आणि बसूनच राहिले.

ते तास मला मिनिटामिनिटानं आठवतात. चेअरमन ओरडले, "जोड म्हणतो ना बे!" मिस्त्री म्हणाले, "तुमी जोडा." चेअरमननी दुसरा मिस्त्री आणायला बीडला जीप पाठवली, ती सांज झाल्याशिवाय परत येणार नव्हती. बबन माणसामाणसाला विचारत फिरत होता, कुणी फिरवला, सांगा रे, माझी नोकरी गेली तर गेली, पण जनावरं बघा. माझ्यापुढंही आला. "सायब, तुमी तंबूतून कुणाला येताना बघितलं का?" मी नाही म्हटलं. किती सहज म्हटलं! तोपर्यंत नाही म्हणायची सवयच झाली होती. डोक्यात नुसता हिशेब चालला होता. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं? बबनचा कागद कुणी लिहिला? सचिवाची नोकरी चेअरमनच्या शब्दावर, घर त्या नोकरीवर. आणि या सगळ्याच्या वर एक भलतीच लाज, की लोक म्हणतील, हा काय सायन्सवाला!

सकाळभर जनावरं हंबरत होती. बाराच्या पुढं हंबरणं कमी कमी होत गेलं आणि मग बंद झालं. तो आवाज नसणं फार वाईट होतं. माणसं आपापल्या दावणीपाशी उभी राहून रणगाड्याकडं बघत होती.

एकच्या सुमारास सोजरबाईची गाय बसली. मग मान टाकली. बाईनं आपल्या पिण्याच्या कळशीत पदर बुडवला आणि तिच्या तोंडात पिळायला लागली, "घे माय, घे की गं." मिस्त्री धावले. तेव्हा त्यांचे दोन्ही हात मी एकदम बाहेर पाहिले. त्यांनी आणि बबननं पोटाखालून गोणपाट घालून गाय उठवायचा प्रयत्न केला. मीही एक टोक धरलं. वजन काहीच नव्हतं तिच्यात, तरी उठली नाही. दोनच्या आत तिचे डोळे थांबले. सोजरबाई रडली नाही. गाईच्या शिंगांवरून हात फिरवत बसली.

मिस्त्री उठून परत डब्यावर जाऊन बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. चेअरमन म्हणाले, "बघा, तुमच्या हट्टापायी गेली." त्यांनी ते ऐकून घेतलं. मान खाली घातली त्यांनी! ते मला सहन झालं नाही. मी धीट नाही, आजही नाही, पण त्या माणसानं माझ्यापायी मान खाली घातलेली मला बघवली नाही.

"मी फिरवला," मी म्हणालो.

आवाज इतका लहान आला की कुणाला ऐकूच गेला नाही. परत म्हणालो. "स्क्रू मी फिरवला. काल. बबन जेवायला गेला तेव्हा."

सगळे माझ्याकडं वळले. बबनचं तोंड उघडं राहिलं. आता चेअरमन काय म्हणतात, लोक मारतात की काय, माझी पाचावर धारण बसली होती. मिस्त्री ताडकन उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "किती आटे?"

"अडीच."

"कोण्या अंगाला?"

"उजवीकडं."

"पक्कं? का वाटतंय?"

"पक्कं. मोजले होते."

पुढचं पाच मिनिटांत झालं. अडीच आटे डावीकडं. नट आवळला. मशीन सुरू. बल्ब लागले, आणि मिस्त्री उजेडाकडं तोंड करून पुटपुटले, "हां." डावा हात परत खिशात गेला होता. उजव्यानं त्यांनी धाकट्या मोटरचा खटका वर ओढला. काटा झपकन खाली गेला.  काटा थरथरला, वर आला आणि चारशे दहावर उभा राहिला. पाइपातून आधी नुसती हवा आली, मग गाळ, मग पाणी. माणसांनी एकच ओरडा केला. जनावरं दावी तोडायला लागली, त्यांना आवरता आवरता सगळ्यांची त्रेधा उडाली. बबन मात्र मशीनपासून हलला नाही. त्याची नजर काट्यावर होती, माझ्याकडं एकदाही आली नाही.

आणि मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. चेअरमननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सचिव, सगळ्यांपुढं कबूल करायला काळीज लागतं. मोठेपणा दाखवला तुमी." बबनचा कागद त्यांनी तिथंच फाडला. लोक पण तेच म्हणायला लागले. माणूस खरा निघाला, म्हणाले. कुणी पाठ थोपटली. पाणी पडत होतं ना, त्या पाण्यात सगळ्यांना सगळं गोड दिसत होतं. मलासुद्धा घटकाभर वाटलं की आपण काहीतरी चांगलं केलं.

मिस्त्री बल्ब चिंध्यांत गुंडाळत होते. त्यांच्यापाशी गेलो. "मिस्त्री, चुकलं माझं."

"स्क्रूचं म्हणता?"

"हो."

"त्यात काय. स्क्रू कुणीबी फिरवतो. मी बी फिरवलाय, फौजेत. आठ दिस कोठडीत होतो." त्यांनी दुसरा बल्ब उचलला. "मी तुमाला इचारलं कवा?"

"दहाला."

"अन् तुमी सांगितलं कवा?"

  चिडले नव्हते ते. चिडले असते, आईवरून शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. डब्याचं झाकण लावून ते उभे राहिले.

तेवढ्यात सोजरबाई आली. गाईवर तिनं गोणपाट टाकलं होतं, तिथून उठून आली होती. हातात तांब्या, आताच्या ताज्या पाण्यानं भरलेला, तळाशी थोडा गाळ. तो तिनं माझ्यापुढं धरला.

"सायब, सकाळधरनं तोंडात पानी न्हाई तुमच्या. घ्या. तुमी बोललात म्हून समद्यांची जनावरं वाचली. माझीचं नशीब न्हवतं, त्याला तुमी काय करणार? देव तुमचं भलं करो."

मिस्त्री थांबले होते. माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते, पण थांबले होते. मला कळलं ते कशासाठी थांबलेत. एक वाक्य होतं. मावशे, मी दहालाच बोललो असतो तर तुझी गाय पाणी प्याली असती. एवढंच. ते माझ्या तोंडात आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. ती माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होती. मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि तोंडाला लावला.  सगळा प्यायलो, गाळासकट, कारण तांब्या तोंडाला होता तोवर बोलावं लागत नव्हतं.

तांब्या खाली घेतला तेव्हा मिस्त्री एसटीच्या रस्त्याला लागलेले होते. सोजरबाईनं रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "आनखी आनू का?"